चिमणीचं तोंड पाण्यात

वायूवर तयार होणारी वीज स्वच्छ असते, तिला धूर नसतो, असं गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयात एक पाहुणे सांगून गेले. भाषण चांगलं होतं. आवाज चांगला, कपड्यांची इस्त्रीही चांगली. शेवटी त्यांनी विचारलं, कुणाला काही शंका आहे का? मी उठलो आणि म्हणालो, "धूर नाही हे समजलं. मग काय आहे, ते सांगा." ते हसले. "आजोबा, थोडाफार कार्बन तर निघणारच." त्या 'थोडाफार'वर माझं डोकं असं सणकलं की पुढे मी काय बोललो ते मला धड आठवत नाही. अध्यक्षांनी हाताला धरून मला खाली बसवलं. या अंकाच्या संपादकांनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणाले, बोलायचं राहिलं ते लिहून द्या, फक्त राग जरा आवरा. लिहितो आहे. रागाचं मात्र त्यांनी माझ्याकडून काही धरून चालू नये.

संयुक्त महाराष्ट्र होऊन फार काळ लोटला नव्हता. सरकारी तारा अजून आमच्या भागात पोचल्या नव्हत्या. आमच्या गावात वीज होती ती एका मालकाची. त्याचं कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं आणि जिनाच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या दोन शेड होत्या. एकीत इंजिन आणि डायनामो, दुसरीत गॅसची भट्टी. गावात त्याला लाइटघर म्हणत. मी तिथला इंजिन ड्रायव्हर. मूळचा मी मेहकरकडचा, तिथल्या एका जिनात इंजिनाला तेल घालता घालता हे काम शिकलो होतो. ड्रायव्हर म्हटलं की लोकांना मोटार आठवते. माझं इंजिन जागचं हलत नव्हतं, पण लहरी इतकं की मोटार परवडली.

गॅस म्हणजे हल्ली शेगडीखाली टाकीत असतो तो नव्हे. आमचा गॅस आम्हीच तयार करायचो, लाकडी कोळशापासून. सातपुड्याच्या पायथ्याकडून, संग्रामपूरच्याही पलीकडून, धावड्याच्या लाकडाचा कोळसा गाड्या भरभरून यायचा. भट्टी म्हणजे पुरुषभर उंचीपेक्षा मोठं लोखंडी पिंप, आतून विटा लावलेलं. खाली विस्तव, वर कोळसा, वरच्या तोंडाला झाकण, अंगाला सळई घालून निखारे हलवायची भोकं. इंजिन चालू झालं की ते स्वतःच भट्टीतून हवा ओढून घेई. हवा निखाऱ्यांतून जाताना कोळसा अर्धामुर्धा जळे आणि त्याचा वायू होई. तो पाण्याच्या फवाऱ्यात धुऊन, भुशातून गाळून इंजिनात जायचा. त्याला कार्बन मोनॉक्साइड म्हणतात हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आम्ही नुसतं गॅस म्हणायचो. त्याला रंग नाही, वास जवळजवळ नाही. इंजिनाचं ते खाद्य आणि माणसाच्या रक्तातली प्राणवायूची जागा बळकावणारा चोरही तोच.

इंजिन चालू असेतो भीती कमी, कारण ते सगळं आत ओढत असतं. भीती असते इंजिन बंद असताना. निखारे तर धुमसतच असतात, गॅस होतच असतो, आणि ओढणारं कुणी नसतं. म्हणून भट्टीला एक उंच चिमणी असते. इंजिन बंद केलं की चिमणी उघडायची, गॅस वरच्या वर आभाळात. पेटवतानाही तेच. दुपार कलली की भट्टीवाला हातपंख्याने विस्तव फुलवायचा, धूर आणि कोळशाची बारीक पूड चिमणीतून बाहेर पडायची, आणि मग तो एका तोटीशी काडी धरून ज्योत पाहायचा. ज्योत पिवळी असली की थांबायचं, निळी झाली की मला हाक. मी चाक फिरवायचो. दिवेलागणीला बाजारातले दिवे लागत, आणि दुकानदार गल्ल्यावर बसल्या बसल्या दिव्याला हात जोडत. त्या नमस्कारातला थोडा आपलाही, असं मी बिनदिक्कत धरून चालायचो. जळून झालेला वायू इंजिनाच्या नळीतून आभाळातच जायचा, तोही कार्बनच. पण आभाळात कुणाचा कापूस वाळत नव्हता, म्हणून तिकडून तक्रार आली नाही.

गिऱ्हाइकं एकेक होती. देवळाचे एक जुने पंच रोज संध्याकाळी येऊन सांगत, "देवराव, आज दिव्यातला केस दिसून राह्यला. जोर कमी हाय." दिव्यातली तार लालसर दिसली म्हणजे वीज कमी पडते, हे त्यांचं निदान अगदी बरोबर असायचं. एका किराणावाल्याला वाटायचं की दिवा विझवला की उरलेली वीज तारेतून आमच्याकडे परत येते आणि आम्ही ती दुसऱ्याला विकतो. त्याला शेवटपर्यंत आम्ही पटवू शकलो नाही.

भट्टीवाले होते शेख करीम. वयाने माझ्याहून थोर. अंगाने सडपातळ, नमाजी, विडीसुद्धा न ओढणारे. ज्योत निळी झाली की ते मला हाक मारत, आणि त्यांच्या हाकेवर मी चाक फिरवलं आणि इंजिन सुरू झालं नाही, असं कधी झालं नाही.

आता आमच्या धंद्यातल्या एका समजुतीबद्दल लिहितो, कारण सगळा संताप तिथेच अडकलेला आहे. भट्टीवर नवा माणूस आला की पहिल्या दिवसांत त्याचं डोकं धरायचं, मळमळायचं, पाय लटपटायचे. याला 'गॅस लागला' म्हणत. मग त्याला बाहेर कडुलिंबाखाली निजवायचं, तोंडावर पाणी मारायचं, गूळ खायला द्यायचा आणि बरं वाटलं की पुन्हा आत. जो टिकला त्याला 'गॅस पचला'. ज्याला पचला नाही त्याची जन्मभर टर. दारू पचवणारे असतात तसे गॅस पचवणारे असतात, असं सगळ्या जिनांतल्या भट्टीवाल्यांचं पक्कं मत. आणि गॅस पचवण्यात करीमभाईंचं नाव खामगावपर्यंत गाजलेलं.

एका हंगामात मालकाच्या रुईत काळे कण निघाले. व्यापाऱ्याने नाक मुरडलं आणि भाव पाडला. मालक तरातरा मागे आले. जिनाच्या आवारात कपाशीचे ढीग होते आणि वारा आमच्याकडून तिकडे होता. चिमणीची पूड ढिगांवर पडत होती हे खरं होतं. मालकाने मिस्त्री बोलावला, चिमणी खालून कापली, नळी आडवी करून भिंतीबाहेर नेली आणि तिचं तोंड पाण्याने भरलेल्या हौदात बुडवलं. धूर पाण्यात, काजळी पाण्यात, कापूस पांढरा. मालक स्वतःच्या डोक्यावर खूश झाले.

मी म्हणालो, "मालक, पंखा मारून धूर पाण्यातून जाईन. पण इंजिन बंद असलं का गॅसले एवढा जोर नसते. तो पाण्यातून कायले जाईन? तो मागं फिरून शेडमंदी येईन."

मालक शेडमध्ये उभे राहिले. चारी बाजूंना पाहिलं. "कुठी हाय?"

"दिसत नाई तो."

"दाखव ना मले. आहे म्हणतं तर दाखव."

काय दाखवणार? मी भट्टीच्या भोकाशी काडी धरली आणि गॅसची झुळूक पेटवून दाखवली. ते म्हणाले, भट्टीपाशी जाळ निघणारच, त्यात नवल काय. "जे दिसत नाई त्याच्यापायी मी माह्या कापूस काळा करू काय? अन् करीमले तर काही होत नाई. मंग तुह्याच पोटात काऊन दुखते?"

मी करीमभाईंकडे पाहिलं. वाटलं, हे एक शब्द बोलतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर मालकाने नाव घेतल्याचं समाधान होतं. "जाऊ दे देवराव," ते म्हणाले, "मले पचते."

गावाने तर मालकाची वाहवा केली. वाळत घातलेली धोतरं पांढरी राहू लागली, देवळाचा कळस काळा पडेना. धूर बंद केल्याबद्दल चार प्रतिष्ठित येऊन हार घालून गेले. करीमभाईंच्या गालांवर त्या दिवसांत लाली दिसायची. नामदेव, आमचा इंजिनाला तेल घालणारा, त्यांना चिडवायचा, "काय करीमभाई, दुसरं लगन ठरलं काय?" आम्ही सगळे हसायचो. ती लाली रक्तात भिनलेल्या गॅसची होती हे आज मला माहीत आहे आणि ते हसू आठवलं की माझ्या अंगाची लाहीलाही होते.

त्याच सुमारास जिल्हा परिषदा नव्याने आल्या होत्या आणि आमच्या मालकाला निवडून यायचं होतं. जिनासमोरच्या मैदानात संध्याकाळची मोठी सभा ठेवली. मांडव, लाउडस्पीकर, दिव्यांच्या माळा. पाहुण्यांना भट्टी दिसू नये, राख उडू नये म्हणून शेडची मैदानाकडची मोकळी बाजू पत्रे ठोकून बंद केली. मी पुन्हा बोललो. मालकाने हात जोडले आणि म्हणाले, "आजच्या दिवस तोंड बंद ठेव बाप्पा."

सभा रंगात आली आणि इंजिनापासून डायनामोपर्यंत जाणारा चामडी पट्टा शिवणीत उसवला. इंजिन बंद करावं लागलं. मैदानात अंधार, शिट्ट्या, आरडाओरड. मालकाचा दिवाणजी धावत आला, "विस्तव पडू देऊ नका! लगेच सुरू करा!" मी आणि नामदेव पट्टा शिवायला बसलो. शेजारच्या शेडमध्ये करीमभाई विस्तव जागता ठेवण्यासाठी पंखा हळूहळू फिरवत होते. चारी बाजूंनी पत्रा, चिमणीचं तोंड पाण्यात. मी मधून मधून हाक मारत होतो, "करीमभाई, बाहेर या!" आणि आतून येत होतं, "तू पट्टा पाह्य." मग पट्टा शिवून झाला, इंजिन सुरू केलं, दिवे लागले, मैदानातून टाळ्यांचा कडकडाट आला. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की पंख्याचा आवाज केव्हाचा थांबला आहे.

ते भोकापाशी पालथे पडले होते, हातात सळई. आम्ही त्यांना ओढत लिंबाखाली आणलं. श्वास होता. मैदानात मालक बोलत होते, गावाचा उजेड आणि गावाची प्रगती. पाणी मारून, हातपाय चोळून चोळून सभा संपायच्या सुमाराला करीमभाईंनी डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी ते उठून बसले. चहा प्यायले. झालं! लाइटघरात जल्लोष. दुसरा असता तर मेला असता, करीमभाईने मरण पचवलं, असं नामदेव जो भेटेल त्याला सांगत सुटला. आठवड्याने ते कामावरसुद्धा आले.

आणि मग काही दिवसांनी त्यांची बायको जैतूनबी माझ्या दारात उभी राहिली. "देवरावभाऊ, यांले सदऱ्याची गुंडी लावता येऊन नाई राह्यली."

मला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "काल बाजारातून घरी आले नाई. मशिदीजवळ उभे होते. मी म्हटलं, चला घरी. तर मले म्हणे, बाई, तुम्ही कोणाच्या?" एवढं बोलून ती उंबऱ्यावरच बसली.

कामावरही तेच. ज्योत पिवळी असताना ते मला हाक मारू लागले. मग ज्योत पाहायचीच विसरले. चालताना पाय घासायचे, उगाच हसायचे, लघवीचं भान गेलं. मी आणि जैतूनबी त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी सगळं विचारलं आणि सरळ सांगितलं, हे कोळशाच्या वायूने झालं आहे, माणूस आधी बरा झालासा वाटतो आणि मग मेंदू उतरणीला लागतो, हे सुधारेलच असं नाही. मी मालकाला येऊन सांगितलं. मालक म्हणाले, वय झालं की डोकं फिरतं माणसाचं.

चौकशीला सरकारी निरीक्षक आले. बरे गृहस्थ होते. जिनाच्या कचेरीत त्यांनी एकेकाला विचारलं. प्रश्न साधा होता, करीम यांना गॅसचा त्रास होत असे का? मी जे पाहिलं ते सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, हौदही दाखवला. मग नामदेव उभा राहिला. मालकाने त्याला काही शिकवलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. शिकवायची गरजच नव्हती.

"करीमभाईले गॅसचा तरास? काही बोलता काय साहेब! अख्ख्या वऱ्हाडात त्याच्यासारखा गॅस पचवणारा माणूस नाई. त्या दिवशी पडला अन् दुसऱ्या दिवशी उठून चहा पेला. गॅस त्याले लागतच नाई."

छाती फुगवून बोलला तो. त्याच्या मागून दुसरा, तिसरा, सगळे तेच बोलले. आपल्या माणसाची अब्रू राखत होते. करीमभाईंना गॅस लागला असं म्हणणं म्हणजे त्यांना कच्चा म्हणणं, आणि ते त्यांच्या आजारपणात कोण म्हणणार? मी ओरडलो, "अबे, काय बोलून राह्यले तुम्ही?" तर सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच फितूर. निरीक्षकांनी मान डोलावली आणि अहवालात लिहिलं, करीम यांना गॅसची बाधा होत नसे, सहकाऱ्यांचं एकमत, एकाचा अपवाद. प्रकरण मिटलं. भरपाई नाही, चिमणी पाण्यातच.

मालकाचा मला राग आहे, तो मरेपर्यंत राहील. पण मालक आपल्या कापसाचा विचार करत होता, त्याच्याकडून वेगळी अपेक्षा नव्हती. आपल्या लोकांनी एका माणसाला कौतुकाने गाडलं, याचं काय करायचं ते मला आजही समजत नाही. मी नामदेवशी बोलणं टाकलं.

करीमभाईंच्या जागी नवा माणूस आला, वरवट बकालचा, तिशीतला. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच तो दुपारी शेडमधून झोकांड्या खात बाहेर आला आणि लिंबाखाली बसून ओकला. नामदेवने सवयीने गूळ पुढे केला. "सुरवातीले होते असं. मंग पचते."

जैतूनबी तिथेच होती. नवरा घरी बसेना म्हणून ती त्या वेळेला त्यांना लिंबाखाली आणून बसवायची आणि स्वतः जिनात कपाशी निवडायची. तिने गूळ पाहिला. उठली आणि त्या नव्या माणसापुढे येऊन बसली.

"भाऊ, घरी कोण हाय तुमच्या?"

"माय हाय. बायको हाय, दोन पोरी हाय."

"बरं. मंग इकडे या." तिने त्याला हाताला धरून करीमभाईंसमोर आणलं. "यांले पाहा. हे पचवणारे. अख्ख्या वऱ्हाडात यांच्यासारखा नाई, हे लोकच सांगतात. आता तुम्ही यांले विचारा, घरी कोण हाय."

त्याने विचारलं नाही. तर तिनेच विचारलं, "काहो, घरी कोण हाय तुमच्या?" करीमभाई तिच्याकडे बघून सभ्यपणे हसले, परक्या बाईशी हसावं तसं.

नामदेव गूळ हातात धरून उभा होता. त्याने तो परत पुडीत बांधला. नवा माणूस खांद्यावरचा पंचा झटकून सरळ वरवटच्या रस्त्याला लागला. त्या दिवशी भट्टी पेटली नाही. कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी आत गेलंच नाही.

दिवेलागणीला गावात अंधार. मग मात्र गाव आलं. हार घालणारे आले, पंच आले, किराणावाला आला. आमचं काय चुकलं, आम्ही पैसे भरतो, टॉकीजवाला म्हणे माझा खेळ बुडाला. करीम कसा आहे असं एकाने, एकाने तरी विचारावं! नाही. मालक आले तेव्हा नामदेव पुढे झाला.

"चिमणी वर करा. मंग पेटवतो."

मालक म्हणाले, "तूच तर साहेबाले सांगितलं, त्याले गॅस लागत नाई म्हणून."

"हाव. मी म्हटलं होतं." नामदेव रडत होता. "चुकलं माह्यं. चिमणी वर करा."

काही संध्याकाळी गाव अंधारात राहिलं. मतदान जवळ आलं होतं, आणि अंधारातला मतदार मालकाला परवडणारा नव्हता. मिस्त्री आला, नळी हौदातून काढली, पुन्हा उभी केली. पत्रे काढले. आणि कापसाचं काय केलं म्हणता? कपाशीचे ढीग आवाराच्या दुसऱ्या अंगाला, फाटकाकडे हलवले. एका सकाळचं काम होतं. एका सकाळचं! तेवढ्यासाठी एका माणसाचं सगळं आयुष्य पुसून टाकलं, आणि हे लिहिताना माझी लेखणी कागद फाडते आहे.

चौकशी पुन्हा उघडली नाही. नामदेव दोनदा स्वतःच्या खर्चाने साहेबांकडे जाऊन आला, साहेब बदलून गेले होते. तो पुढे जैतूनबीच्या घरी पाणी भरून द्यायचा, सरपण फोडून द्यायचा. मी त्याच्याशी पुन्हा बोलायला लागलो.

चिमणी उभी राहिली त्या दुपारी भट्टीवर मीच गेलो. धूर सरळ वर गेला, काळा, दाट, सगळ्या गावाला दिसेल असा. जैतूनबीने करीमभाईंना उभं केलं, त्यांच्या सदऱ्याची गुंडी नीट लावली आणि चिमणीकडे बोट दाखवलं. "पाहा, वर केली त्यांनी. पाहा ना."

करीमभाई तिच्या बोटाकडे बघत राहिले.